आबांसाठी चुकीचं वाक्य

मराठी मुलखात इंग्रजी शिकलेला प्रत्येक माणूस एका रोग्याला ओळखतो. डॉक्टर येण्याआधी मेलेला तो रोगी. 'द पेशंट हॅड डाइड बिफोर द डॉक्टर केम.' पूर्ण भूतकाळ शिकवायला घेतला की फळ्यावर पहिलं हेच वाक्य येतं. माझ्या वडिलांना याच वाक्यानं शिकवलं, मलाही याच वाक्यानं शिकवलं. लग्नाआधी जळगावला मी शिकवण्या घ्यायचे तेव्हा मीही त्या रोग्याला कितीदा मारलं असेल कोण जाणे. दोन गोष्टी घडल्या, जी आधी घडली तिला हॅड लावा, नंतरची साध्या भूतकाळात ठेवा. रोगी आधी, डॉक्टर नंतर. त्या बिचाऱ्याबद्दल कधी कोणाला काही वाटलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात हे वाक्य आमच्या धुळ्यातल्या देवपूरच्या घरात बंद झालं. पुढे हॉल, मागे एक खोली, तिच्या मागे स्वयंपाकघर, एवढंच आमचं घर. हॉलमध्ये माझा क्लास भरायचा आणि मागच्या खोलीत लोखंडी खाटेवर माझे सासरे पडून असायचे. मधल्या दाराला पडदा होता, पण पडद्यानं आवाज अडत नाही.

सासऱ्यांना आम्ही आबा म्हणायचो. उभा जन्म त्यांनी हायस्कुलात इंग्रजी शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर याच हॉलमध्ये नापास मुलांचा क्लास काढला. हुशार पोरं कुठेही शिकतात, त्यांना मास्तर लागतोच कशाला, असं त्यांचं म्हणणं. मला बघायला आले तेव्हा नवऱ्या मुलानं मान वर केली नव्हती. आबांनीच पोह्यांची बशी बाजूला ठेवून विचारलं होतं, "'आय हॅव सीन हिम यस्टरडे.' बरोबर की चूक?" मी म्हटलं, चूक, यस्टरडे आहे तर हॅव कशाला? आबा मुलाकडे वळून म्हणाले, "मला तर पसंत आहे, तुझं तू बघ." पुढे माझे मिस्टर नोकरीसाठी रोज शिरपूरला ये-जा करायला लागले आणि घरात दिवसभर आम्ही दोन मास्तर आणि अक्का.

अक्का म्हणजे माझ्या सासूबाई. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणते म्हणून मीही म्हणते. त्यांचं बोलणं सगळं अहिराणीत, इंग्रजीचा गंध नाही. चाळीसेक वर्षं इंग्रजीच्या मास्तरासोबत संसार करून त्यांनी त्या भाषेतला एकच शब्द उचलला होता, 'राँग'. आबा वह्या तपासताना तोच जास्त म्हणायचे.

हिवाळ्यात एका सकाळी दात घासता घासता आबांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डावा हात शाबूत होता, कानही शाबूत होते, आणि डोळ्यांवरून कळायचं की आत माणूस जागा आहे. डॉक्टर म्हणाले, बोलणं येईलही, पण त्यांना स्वतःला जगावंसं वाटलं पाहिजे, सारखं काहीतरी करायला लावा. आबांना तेच तर नको होतं. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं ते केलंच. डावा हात उशाशी पडलेला असायचा, पण घास समोर धरला तरी तो उचलायचे नाहीत. अक्का भरवायच्या, पुसायच्या, कूस बदलायच्या, आणि देवासमोर बसल्या की रडायच्या. मला त्यांची दया यायची आणि आबांचा राग यायचा. जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांना 'परत प्रयत्न कर' म्हणणारा माणूस स्वतः कोरा पेपर देऊन उठतो, हे मला सहन व्हायचं नाही.

मे महिन्यात बारावीचा निकाल लागला आणि इंग्रजीत राहिलेल्या मुली पुरवणी परीक्षेसाठी आमच्या दारात आल्या. कोणी देवपुरातल्या, कोणी पुलापलीकडून यायच्या. एक शिरपूरकडच्या डोंगराळ गावातली, मामाकडे राहिलेली. एकीचे वडील गाद्या भरायचे, तिच्या ओढणीला कायम कापसाचे तंतू चिकटलेले असायचे. कोणाला नर्सिंगला जायचं होतं, तर कोणाच्या घरी सांगून ठेवलं होतं की या वेळी राहिलीस तर शिक्षण बंद, स्थळ बघायला घेऊ. आबांच्या क्लासचं नाव ऐकून आल्या होत्या, त्यांना मी मिळाले.

मी माझ्या पद्धतीनं शिकवायला लागले. आबांना ही पद्धत कधीच आवडली नव्हती. वाक्यात ओळखीचा शब्द शोधायचा आणि डोळे मिटून क्रियापद लावायचं. यस्टरडे दिसलं की भूतकाळ, नाऊ दिसलं की इज आणि आयएनजी, सिन्स दिसलं की हॅज बीन. आबा म्हणायचे, "आधी वाक्यात काय घडलंय ते बघ. माणूस बघ, वेळ बघ, मग साहाय्यकारी क्रियापद आपोआप सुचतं." खरं होतं ते. पण महिन्याभरात नापास मुलीला पास करायचं तर माणूस कधी बघणार?

एके दिवशी फळ्यावर रिकाम्या जागेचं वाक्य होतं, 'सिन्स ही डॅश टायर्ड, ही वेन्ट होम.' सिन्स दिसताच मुली एका सुरात म्हणाल्या, "हॅज बीन." मीही म्हटलं, "हॅज बीन," आणि लिहायला खडू उचलला.

आतून ठण् असा आवाज आला.

खाटेच्या लोखंडी दांड्यावर स्टीलचं फुलपात्र आपटल्याचा तो आवाज होता. मी पडदा सारला तर आबांच्या डाव्या हातात उशाजवळचं फुलपात्र, पाणी सगळं गादीवर, आणि आबा भिंतीकडे नाही, माझ्याकडे बघत होते. ती नजर माझ्या ओळखीची होती. वही तपासताना चूक सापडली की ते असेच बघायचे. मी परत फळ्याशी आले, वाक्य वाचलं आणि मला माझीच लाज वाटली. तिथं सिन्सचा अर्थ 'पासून' नव्हता, 'म्हणून' होता. दमला होता म्हणून घरी गेला. साधं 'वॉज' हवं होतं. मी खोडून लिहिलं, मुलींकडून मोठ्यानं म्हणवून घेतलं. आत सगळं शांत होतं.

अक्का पिठाच्या हातांनी धावत आल्या होत्या. "कोनी ठोकं?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं, माझं वाक्य चुकलं म्हणून आबांनी ठोकलं. डोळ्यांना पदर लावत त्या म्हणाल्या, "आखो एक डाव चुक ना." अजून एकदा चूक, म्हणत होत्या.

त्या दिवसापासून आमच्या घराला नवा नियम लागला. चूक झाली की ठोका, बरोबर असलं की शांतता. आबांना भिंतीकडून इकडे वळवून निजवलं. अक्का रोज फुलपात्र रिकामं करून त्यांच्या डाव्या हातात द्यायच्या. क्लास सुरू होताना कूलर बंद करायच्या, कारण त्याच्या घरघरीत ठोका ऐकू यायचा नाही. मे महिन्यातलं धुळ्याचं ऊन, डोक्यावर पत्रे, आणि कूलर बंद. मुली ओढणीनं वारा घ्यायच्या, पण एकीनंही तक्रार केली नाही. मीच चडफडायचे. मात्र आबा घास घ्यायला लागले होते आणि दोनदा त्यांनी स्वतःच्या हातानं भाकरीचा तुकडाही तोंडाकडे नेला, तेव्हा माझं चडफडणं थांबलं.

अशात पूर्ण भूतकाळाची पाळी आली आणि मी सवयीनं त्या रोग्याला फळ्यावर आणलं. मुली एका सुरात म्हणत होत्या तोच अक्का बाहेर आल्या. डाइड हा शब्द त्यांनी कुठून तरी हेरला असावा. गादीवाल्याच्या मुलीला त्यांनी अर्थ विचारला, आणि त्या भाबड्या पोरीनं तो सांगितला.

"हाई वाक्य मना घरमा नको," अक्का म्हणाल्या.

"अहो अक्का, पुस्तकातलं आहे, परीक्षेत येतं."

"घर तथास्तु म्हणस. माणूस खाटवर पडेल शे, आन पोरी रोज रोगी मारतस."

या असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. घर तथास्तु म्हणत असतं तर आमच्या नापास मुली केव्हाच कलेक्टर झाल्या असत्या. मी संध्याकाळी मिस्टरांकडे तक्रार केली, तर ते बूट काढता काढता म्हणाले, "राहू दे ना, दुसरं वाक्य घे." म्हणून मी बस घेतली. आम्ही स्टँडवर पोचण्याआधी बस निघून गेली होती. अक्कांनी पडद्याआडून विचारलं, कोण गेलं? बस, मी म्हटलं. "मंग जाऊ दे. बस दुसरी येस." त्यांची परवानगी मिळाली. पण नंतर 'ही हॅज गॉन', तो गेला आहे, हे अडलं, आणि 'ही इज सिंकिंग', तो बुडतोय, हे तर मीच गाळलं. आमच्या क्लासच्या व्याकरणात कोणी आजारी पडत नव्हतं, कोणी घर सोडून जात नव्हतं. सगळे जण सदा जेवत, हसत, शाळेत जात होते.

जूनच्या सुरुवातीला एक वेगळीच अडचण आली. मुली चुकेनाशा झाल्या.

आबांच्या धाकानं म्हणा, त्या पोरी खरंच वाक्य वाचायला शिकल्या होत्या. ओळखीचा शब्द दिसला तरी थांबायच्या, घडलंय काय ते बघायच्या, मग तोंड उघडायच्या. क्लासभर एकही ठोका पडायचा नाही. मी खूश होते. अक्का मात्र दर थोड्या वेळानं पडद्यातून डोकावायच्या, आबांच्या नाकाशी बोट धरून बघायच्या.

"आज त्या काबर गप शेतस?" त्यांनी आबांकडे बोट करून विचारलं.

"मुली चुकल्या नाहीत, अक्का. चांगलंच आहे ना?"

"मंग त्यासले सांग ना, चुका म्हनीसन."

मला वाटलं थट्टा करताहेत. पण त्या मुलींकडे वळून हात जोडल्यासारखं करत म्हणाल्या, "चुका वं पोरीस्वन, जराशा चुका." मुली माझ्याकडे बघायला लागल्या. गादीवाल्याची मुलगी उठली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "आय आर गोइंग यस्टरडे."

ठण्.

सगळ्या हसल्या. अक्का तर अशा हसल्या की लकवा मारल्यापासून त्यांना तसं हसताना मी पाहिलं नव्हतं. मग काय, पोरींना खेळच सापडला. 'शी हॅव बीन,' 'दे वॉज,' 'डिड यू ॲम.' प्रत्येकीला ठोका हवा होता. एकीच्या वाक्यावर आबांनी लागोपाठ ठोके दिले. अक्कांनी आत जाऊन पाहिलं आणि सांगितलं की ते हसत होते. मी पाहिलं नाही, पण मी मानते.

दोनचार दिवसांनी माझा तोल गेला. ज्या मुलींच्या जिभेवर 'ही हॅज' मी घासून घासून बसवलं होतं, त्या चाचणीत 'ही हॅव' लिहून मोकळ्या झाल्या. मी स्वयंपाकघरात जाऊन अक्कांना म्हटलं, "या परत नापास होतील. एकीचं तर लग्न लावून देणार आहेत. तुमच्यापायी होईल हे."

अक्का भाकरी थापत होत्या. त्यांनी हात थांबवला नाही. "नापासले पुढला साल तरी शे," त्या म्हणाल्या. मग मानेनं आबांच्या खोलीकडे दाखवलं. "त्यासले काय शे?"

शेवटी आम्ही तोड काढली. क्लासभर सगळं बरोबर बोलायचं, आणि सुटायच्या आधी एकीनं एकच वाक्य मुद्दाम चुकवायचं. मुली त्याला आबांचं वाक्य म्हणायच्या. त्यासाठी पाळ्या लावल्या होत्या. गादीवाल्याची मुलगी सकाळी आल्या आल्या सांगायची, "मॅडम, आज गलत बोलने की मेरी बारी है." एक ठोका पडला की अक्का कूलर लावायच्या आणि मुली चपला घालायच्या. तेवढ्या एका ठोक्यावर अक्कांचा पुढचा सगळा दिवस निघायचा.

नंतर ठोका उशिरा पडायला लागला. वाक्य संपायचं, आम्ही थांबायचो, कुठे चिमण्या ओरडताहेत ते ऐकू यायचं, आणि मग ठण्. नंतर नंतर नुसतं टक्. अक्का म्हणायच्या, उकाड्यानं हात जड झालाय. आबांचं जेवण परत कमी झालं. मग ताप आला.

त्या सकाळी ताप चढला तेव्हा आम्ही पुलापलीकडच्या डॉक्टरांना फोन केला. दवाखान्यातले पेशंट आटोपून येतो, म्हणाले. मिस्टर शिरपूरहून निघाले होते. मी म्हटलं, मुलींना परत पाठवते. अक्कांनी माझं मनगट धरलं. क्लास भरू दे, त्यांना ऐकू येऊ दे, म्हणाल्या. मुली बसल्या. मी काय शिकवलं ते मला आठवत नाही. फळ्याकडे पाठ करून मी सगळा वेळ पडद्याकडे बघत होते.

शेवटी शिरपूरकडच्या मुलीची पाळी होती. ती मुळात मुखदुर्बळ, हळूच म्हणाली, "माय फादर हॅव ए काऊ."

आम्ही थांबलो. आतून काही आलं नाही.

"जोरमा सांग," अक्का आतून म्हणाल्या. ती मोठ्यानं म्हणाली. काही नाही. गादीवाल्याच्या मुलीनं उठून आपलं पहिलं वाक्य म्हटलं, "आय आर गोइंग यस्टरडे." अक्कांनी फुलपात्र आबांच्या बोटांत घट्ट बसवल्याचा आवाज आला, मग ते फरशीवर पडल्याचा आला. सगळ्या मुली उभ्या राहिल्या होत्या. 'शी हॅव', 'दे वॉज', 'वुई इज', तोंडाला येईल ते चुकीचं ओरडत होत्या. दोघीतिघी रडत होत्या, रडता रडता चुकत होत्या. कधी नव्हे इतकं चुकीचं इंग्रजी त्या हॉलमध्ये बोललं गेलं आणि आत शांतता होती. बरोबर उत्तराला असायची तशी.

मी आत गेले. अक्का खाटेवर बसून आबांची बोटं एकेक करून मिटवत होत्या.

डॉक्टर आले तेव्हा मुलींनी त्यांच्यासाठी दारातली चपलांची गर्दी बाजूला सारली. त्यांनी मनगट धरलं, डोळ्यांत बॅटरी मारली, घड्याळ पाहिलं. मुली भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांच्यातल्या प्रत्येकीला ते वाक्य येत होतं. कोणी कोणाकडे पाहिलं नाही.

सुतक फिटलं, गंधमुक्ती झाली, पाहुणे गेले. पाचोऱ्याच्या नणंदेनं अक्कांना चार दिवस आपल्याकडे चला म्हणून पुष्कळ विनवलं, पण त्या हलल्या नाहीत. त्या आबांच्या खाटेवर निजायला लागल्या. परीक्षा तोंडावर होती, म्हणून मुली परत आल्या. कूलर सुरू ठेवला होता, तरी पहिल्या दिवशी त्या प्रत्येक वाक्यानंतर क्षणभर थांबत होत्या. सवय होती. मीही थांबत होते.

त्या दिवशी क्लास सुटता सुटता अक्का पडद्यात येऊन उभ्या राहिल्या. "जे वाक्य ऱ्हाई गयं, ते पोरीसले सांगी दे," त्या मला म्हणाल्या.

"कोणतं, अक्का?" मला माहीत होतं, तरी विचारलं.

"रोगीनं. त्यासनी परीक्षा शे. आते काय ऱ्हायनं?"

आणि त्यांनी कूलर बंद केला, आत जाऊन पडदा ओढला.

मी फळ्यावर वाक्य लिहिलं. आधी घडलं त्याला हॅड, नंतर घडलं ते साधं, एवढंच सांगितलं. मुलींनी खाली माना घालून ते एकदा म्हटलं. एकीचाही शब्द इकडचा तिकडे झाला नाही.

आतून ठण् असा आवाज आला.

मुलींनी माना वर केल्या. मी सवयीनं फळ्याकडे वळले आणि चूक शोधायला लागले. हॅड होतं, डाइड होतं, केम होतं, सगळं जिथल्या तिथे. परत ठोका पडला, मघापेक्षा जोरात. अक्कांना त्या वाक्यातलं एक अक्षर कळत नव्हतं.

"मॅडम," शिरपूरकडच्या मुलीनं हळूच विचारलं, "काय चुकलं?"

मी डस्टर उचललं आणि ते वाक्य पुसून टाकलं.